स्नॅप किती मिळणार? पिट्सबर्गच्या उतारवयातल्या लाइनबॅकरांची पार्श्वभूमी

अमेरिकन फुटबॉलचा मोसम निम्म्यावर आला की एक चर्चा हमखास सुरू होते. एखाद्या संघाचा लाइनबॅकर जायबंदी झालेला असतो आणि दुसऱ्या संघात तिशी ओलांडलेला, नावाजलेला लाइनबॅकर बाकावर बसून वैतागलेला असतो. त्याला खेळायचं असतं. मग त्याला घ्यावं की नाही? बोलणं लगेच त्याच्या गुडघ्यांवर आणि वयावर येतं. पिट्सबर्ग स्टीलर्सचा गेल्या तीसेक वर्षांचा इतिहास पाहिला तर मात्र भांडण वयावरून कमी झालेलं दिसतं. ते झालं दिलेल्या शब्दावरून. किती खेळवू म्हणून सांगितलं आणि प्रत्यक्षात किती खेळवलं, हा खरा मुद्दा होता.

आधी ही जागा समजून घेऊ. पिट्सबर्गच्या बचावात पुढे तीन धिप्पाड गडी आणि त्यांच्यामागे चार लाइनबॅकर असतात. त्या चारांपैकी कडेचे दोघे म्हणजे कबड्डीतले कोपरे समजा. धावून जाऊन समोरच्या संघाच्या क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या गड्याला, चेंडू फेकण्याआधीच पाडायचं, म्हणजे सॅक करायचा, ही त्यांची मुख्य कामगिरी. अशा जागा दोनच. तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाच्या लाइनबॅकरला डावागणिक (एक डाव म्हणजे एक स्नॅप) थोडी बदली मिळते, पण त्याची खरी कमाई किकच्या वेळी, म्हणजे चेंडू लाथेने उडवला जातो तेव्हा, जिवाच्या आकांताने धावण्यात असते. २०१७ साली संघात ५३ खेळाडू असत आणि सामन्याच्या दिवशी त्यातले ४६च पोशाख चढवत. किकवर न धावणारा, पस्तिशी उलटलेला राखीव लाइनबॅकर या ४६ जणांत बसवणं कोचला फार जड जातं. बाहेरून बघणाऱ्याला हे गणित दिसत नाही, म्हणून त्याला वाटतं की म्हाताऱ्याचा मुद्दाम अपमान चाललाय.

खेळाडूला ‘मी दुसरीकडे जातो’ म्हणायची सोय तरी कधी झाली? फार उशिरा. १९७६ मध्ये जॉन मॅकी या खेळाडूच्या खटल्यात न्यायालयाने संघ बदलण्यावरचा जुना जाचक नियम बेकायदा ठरवला, तरी वाट मोकळी झाली नाही. सप्टेंबर १९९२ मध्ये फ्रीमन मॅक्नील या खेळाडूच्या खटल्यात ज्युरीने खेळाडूंच्या बाजूने कौल दिला, १९९३ मध्ये नवा करार झाला आणि करार संपलेला अनुभवी खेळाडू मोकळा झाला. पाठोपाठ १९९४ मध्ये प्रत्येक संघाच्या पगारावर ३.४६ कोटी डॉलरची कमाल मर्यादा आली. एका हाताने स्वातंत्र्य मिळालं, दुसऱ्या हाताने टांगती तलवार. जितकी वर्षं जास्त तितका किमान पगार जास्त, त्यामुळे खर्चाला कात्री लावायची वेळ आली की आधी वडीलधारे जातात.

या नव्या सोयीचा पहिल्याच वर्षी फायदा घेणाऱ्यांत केविन ग्रीन होता. १९९३ मध्ये तो लॉस एंजेलिस रॅम्स सोडून पिट्सबर्गला आला आणि १९९४ मध्ये १४ सॅक करून लीगमध्ये पहिला आला. १९९५चा मोसम संपला तेव्हा तो ३३ वर्षांचा होता. पिट्सबर्गने त्याला जाऊ दिलं. १९९६ मध्ये कॅरोलिना पँथर्सने घेतलं आणि त्याच वर्षी त्याने १४.५ सॅक करून पुन्हा पहिला क्रमांक पटकावला. १९९९ मध्ये, ३७व्या वर्षी, १२ सॅक करून तो थांबला. त्याला कॅरोलिनात डावामागून डाव खेळायला मिळाला, हे विसरून चालणार नाही.

पुढचा जोई पोर्टर. मार्च २००७ मध्ये, तिशीच्या उंबरठ्यावर, पिट्सबर्गने त्यालाही सोडलं. मायामीत जाऊन २००८ मध्ये त्याने १७.५ सॅक केले. पण त्या वेळी पिट्सबर्गला कोणी नावं ठेवली नाहीत, कारण त्याच्या जागी उभा राहिला होता जेम्स हॅरिसन.

हॅरिसनची गोष्ट मुळापासून बाकावरचीच. ओहायोतल्या अॅक्रनचा हा मुलगा २००२च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ फेरीफेरीने नवे खेळाडू निवडतात तिथे, कोणालाच नको होता. पिट्सबर्गने घेतला, काढला, पुन्हा घेतला, पुन्हा काढला. बाल्टिमोरनेही काढला. २००४ मध्ये पिट्सबर्गचा क्लार्क हॅगन्स वजन उचलताना जायबंदी झाला म्हणून याला परत बोलावणं आलं, आणि मग हा किकवर धावत राहिला. २००८ मध्ये तो वर्षातला सर्वोत्तम बचावपटू ठरला. ड्राफ्टमध्ये न निवडलेल्या खेळाडूला हा मान त्याआधी कधीच मिळाला नव्हता.

१ फेब्रुवारी २००९ रोजी टँपात झालेल्या सुपर बोलचा, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्याचा, तो क्षण पाहिलेला माणूस विसरत नाही. पहिला अर्ध संपायला काही सेकंद उरलेले, अॅरिझोना पिट्सबर्गच्या गोलरेषेला भिडलेली. हॅरिसनने क्वार्टरबॅकवर चाल करून जायचं ठरलेलं. तो एक पाऊल पुढे गेला आणि मागे सरला. कर्ट वॉर्नरचा पास सरळ त्याच्या हातात आला. मग उजव्या कडेने १०० यार्ड धाव. शेवटी दोघांनी मिठी मारली तरी तो त्यांच्यासकट रेषेपलीकडे कोसळला आणि तिथेच पाठीवर पडून धापा टाकत राहिला. पिट्सबर्ग २७-२३ने जिंकलं.

तरी मार्च २०१३ मध्ये पगारकपातीवरून बोलणी फिसकटली आणि त्याला सोडलं. एक वर्ष सिनसिनाटीत काढून २०१४ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली, पण तरुण जार्व्हिस जोन्स जायबंदी होताच पिट्सबर्गने त्याला तीन आठवड्यांच्या आत परत आणलं. २०१६ मध्ये तो संघाच्या इतिहासात सर्वाधिक सॅक करणारा ठरला. जानेवारी २०१७ मध्ये कॅन्सस सिटीत प्लेऑफचा, म्हणजे बाद फेरीचा, सामना होता. १८-१६ अशा स्थितीत कॅन्सस सिटीने बरोबरीचे दोन गुण मिळवलेही, पण ३८ वर्षांच्या हॅरिसनला रोखताना त्यांच्या एरिक फिशरने त्याला धरून ठेवलं होतं. दंड झाला, गुण रद्द झाले, दुसरा प्रयत्न फसला. असा माणूस संपला असं कोण म्हणेल?

पिट्सबर्गने त्याच्याशी दोन वर्षांचा करार केला आणि एप्रिलमध्ये ड्राफ्टच्या पहिल्याच फेरीत कडेचा लाइनबॅकर टी. जे. वॉट निवडला. २०१७ मध्ये हॅरिसन जेमतेम पाच सामन्यांत उतरला. कडेच्या लाइनबॅकरांचा कोच होता जोई पोर्टर, ज्याची जागा हॅरिसनने एकेकाळी घेतली होती. २३ डिसेंबरला त्याला काढलं. बाकीच्या ३१ संघांना त्याचा करार उचलायची मुभा होती, कोणीच उचलला नाही. मग २६ डिसेंबरला तो थेट न्यू इंग्लंड पेट्रियट्सकडे गेला. याच संघाने नऊच दिवस आधी पिट्सबर्गला २७-२४ने हरवलं होतं.

पिट्सबर्गमध्ये संतापाची लाट उसळली. सहकारी मॉर्किस पाउन्सीने तर ‘स्वतःचा वारसा स्वतःच पुसला’ अशा अर्थाचं बोलून दाखवलं. हॅरिसनचं म्हणणं असं की बाकावर बसून पगार घ्यायला मी ३९व्या वर्षी करार केला नव्हता, खेळवायचं सांगितलं होतं ते झालं नाही, आणि मला सोडा असं मी सांगत होतो. मला त्याचं म्हणणं पटतं. वॉटला खेळवणं बरोबरच होतं. पण मग ‘आता तुला जागा नाही’ हे सप्टेंबरमध्ये सांगून त्याला मोकळं करता आलं असतं. डिसेंबरपर्यंत ताटकळत ठेवण्यात ना संघाचं भलं होतं ना त्याचं.

पेट्रियट्सची गरज साधी होती. त्यांचा लाइनबॅकर डाँटा हायटावर मोसमातून बाहेर पडला होता. ३१ डिसेंबरच्या कडाक्याच्या थंडीत, न्यूयॉर्क जेट्सविरुद्ध, हॅरिसनने दोन सॅक केले. सुपर बोलमध्येही तो खेळला. पेट्रियट्स ४१-३३ने हरले, आणि एप्रिलमध्ये तो कायमचा थांबला.

चारच वर्षांत पिट्सबर्गमध्ये तेच नाटक पुन्हा रंगलं. जुलै २०२१ मध्ये ३२ वर्षांच्या मेल्विन इंग्रामला घेतलं. कडेला वॉट आणि अॅलेक्स हायस्मिथ पक्के होते. इंग्राम नाराज झाला. या वेळी संघाने डिसेंबरची वाट पाहिली नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच ड्राफ्टमधल्या सहाव्या फेरीच्या एका निवडीच्या बदल्यात त्याला कॅन्सस सिटीला दिलं. कोच माइक टॉमलिन म्हणाले की आम्हाला ओलीस धरलेले नकोत, आपणहून राहणारे हवेत. हे वाक्य २०१७ मध्ये कोणी बोललं असतं तर बरं झालं असतं.

वॉटने त्या मोसमात २२.५ सॅक केले आणि लीगच्या तेव्हाच्या विक्रमाशी बरोबरी केली. इंग्रामला पिट्सबर्गमध्ये जागा का नव्हती, ते या आकड्यात आहे. कॅन्सस सिटीत मात्र ती होती. इंग्राम आल्यावर तिथल्या ख्रिस जोन्सला कडेवरून पुन्हा आतल्या, त्याच्या हक्काच्या जागेवर आणता आलं आणि बचाव सावरला. १६ जानेवारी २०२२ रोजी प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत दोन्ही संघ समोरासमोर आले. कॅन्सस सिटी ४२, पिट्सबर्ग २१.