आधी भोक, मग पातं

हिंगणा एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपात पितळी बुश कातून घ्यायला गेलो होतो. बुश पातळ होता, चकमध्ये आवळला तर दबणारच. लेथवाल्याने आधी भोक रीमरने साफ केलं, मग बुश मँड्रेलवर, म्हणजे भोकात बसणाऱ्या गुळगुळीत दांड्यावर, चढवला आणि बाहेरून हलका काप दिला. "भाऊ, आधी भोक सिधं करा लागते. बाहेरचं मंग त्याच्याच मागं येते," तो म्हणाला.

रायफलच्या पुंगळीची (काडतुसाच्या पितळी आवरणाची) मान, म्हणजे गोळी धरणारं पुढचं अरुंद तोंड, कातायचं हत्यार अगदी याच तत्त्वावर चालतं. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतुसं बनवता येत नाहीत, त्यामुळे वापरलेल्या पुंगळ्या घरी पुन्हा भरण्याचा छंद मुख्यतः अमेरिका-युरोपातला. पण त्यातलं यंत्रशास्त्र आपल्या कुठल्याही टर्नरला ओळखीचं वाटेल.

पुंगळीचं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त. चकतीचा कप करतात आणि तो पंचाने ओढत ओढत लांब नळी करतात. पंच जरा बाजूला सरकला की भिंत एकीकडे जाड, दुसरीकडे पातळ. .३०८ विंचेस्टर या काडतुसाच्या मानेची भिंत साधारण १५ थाऊ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे ०.३८ मिलिमीटर. तिच्यात २ थाऊंचा फरक असला तर गोळी मध्यापासून १ थाऊ, म्हणजे २५ मायक्रॉन सरकून बसते. माणसाचा केस याच्या अडीच-तीनपट जाड. एवढ्याशा फरकाचं कौतुक कशाला, असं वाटेल. साध्या शिकारी रायफलच्या ऐसपैस चेंबरसाठी (काडतूस बसतं त्या खोबणीसाठी) मलाही हा खटाटोप वायाच वाटतो. बेंचरेस्ट, म्हणजे रायफल टेबलावर टेकवून अचूक नेमबाजी करायच्या स्पर्धेची गोष्ट वेगळी. तिथल्या ६ पीपीसी काडतुसासाठी चेंबरची मानच इतकी घट्ट कोरतात की पुंगळी कातल्याशिवाय आत जातच नाही. आणि मोजमाप चुकून मानेला फुगायला जागाच उरली नाही, तर गोळी सुटत नाही आणि दाब धोकादायक वाढतो.

हत्यार घेताना लोक पात्याची धार, हँडल, डायलवरच्या रेघा बघतात. माझ्या मते पहिला प्रश्न मँड्रेलचा. मान त्यावर सरकली पाहिजे, पण डुगडुगता कामा नये. अर्धा ते एक थाऊ मोकळीक पुरते. म्हणून मान आधी एक्स्पांडरने, म्हणजे आत घालायच्या मापाच्या दांड्याने, ठरावीक मापाला फुगवायची. हा एक्स्पांडर आणि मँड्रेल एकाच कंपनीचे, जोडीने बनवलेले असावेत. दोन ठिकाणचे घेतले तर एक सैल आणि एक घट्ट असा संसार होतो. मान सैल बसली तर भोक मँड्रेलवर डोलतं, आणि पातं कितीही महाग असलं तरी भिंत वाकडीच उतरते.

दुसरं, पात्याचा कोन. पुंगळीच्या खांद्याचा, म्हणजे मानेखालच्या उताराचा, कोन .३०८ला २० अंश, ६.५ क्रीडमूर काडतुसाला ३० अंश. पातं खांद्याशी जुळून किंचित आत गेलं पाहिजे. अलीकडेच थांबलं तर तिथे जाड कडं उरतं. फार आत गेलं तर मान-खांद्याचा सांधा दुबळा होतो.

माप घ्यायला साधा मायक्रोमीटर फसवतो. त्याचे सपाट जबडे आतल्या गोलाईवर कडेकडेने टेकतात आणि भिंत आहे त्याहून जाड दाखवतात. एका बाजूला गोळा असलेला मायक्रोमीटर हवा. बजेट अपुरं असेल तर डायल सोडा, पण हा घ्या.

राहिला मँड्रेलचा धातू. स्टील स्वस्त, पण तेल कमी पडलं की पितळ त्याला धरतं. शिवाय घर्षणाने तापतं. ७.८ मिलिमीटरचा स्टीलचा मँड्रेल २० अंशांनी तापला तर जवळपास २ मायक्रॉन फुगतो. कार्बाइड त्याच्या निम्माही नाही. एकामागोमाग पन्नास पुंगळ्या कातल्या तर पहिली आणि शेवटची सारखी उतरेलच असं नाही.

मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळीसवर जातो, तेव्हा आमच्या लेथवाल्याचं काय होतं, असं मी विचारलं. त्याने नुकताच काढलेला बुश ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवला आणि म्हणाला, "चहा पिऊन या. गरम माल मी मोजतच नाही."