बुटाची टाच: खिळ्यांपासून ओतीव तळापर्यंत

चांगल्या चामडी बुटाची टाच एकसंध नसते. चामड्याचे थर एकावर एक चिकटवून, खिळे मारून ती उभी करतात. जमिनीला टेकतो तो शेवटचा थर झिजण्यासाठीच असतो. झिजला की काढायचा आणि नवा ठोकायचा. दुरुस्तीचा धंदा याच सोयीवर चालत आला.

इराणी घोडेस्वारांचा पाय रिकिबीत पक्का बसावा म्हणून टाच आली आणि सतराव्या शतकात ती युरोपच्या दरबारांत मिरवू लागली, इतकं बहुतेकांना ठाऊक असतं. पुढचं सहसा कुणी सांगत नाही. टाचेचे फर्मे, म्हणजे बूट ज्यावर घडवतात ते साचे, बनवणं किचकट होतं, म्हणून डाव्या-उजव्या पायासाठी एकच आकार वापरायची पद्धत पडली आणि ती एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत टिकली.

दुरुस्तीच्या दृष्टीने खरा बदल १८७० च्या आसपासचा. वेल्ट म्हणजे कडेची चामडी पट्टी. ती शिवणारं यंत्र आलं आणि वरच्या चामड्याला धक्का न लावता तळ नि टाच उतरवणं कारखान्यातल्या बुटालाही शक्य झालं. १८९९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेल गावच्या एका आयरिश छपाई कामगाराने रबरी टाचेचं पेटंट घेतलं. दिवसभर फरशीवर उभं राहून पाय दुखत, म्हणून तो रबराच्या चटईवर उभा राही. सहकारी चटई पळवू लागले, तेव्हा त्याने तिचेच तुकडे कापून बुटाला ठोकले, अशी कथा सांगतात. चामड्याचा आग्रह धरणाऱ्यांनी रबराला नाकं मुरडली. पुढे तडजोड निघाली: मागचा कोपरा रबराचा, बाकी थर चामड्याचा. उंची बुटांना आजही ती दिसते.

सैन्यात मात्र टाचेला लोखंड होतं. ब्रिटिश फौजेच्या जुन्या बुटाच्या टाचेवर घोड्याच्या नालेसारखी नाल आणि तळाला खिळे असत. आपल्या संचलनाच्या ड्रिल बुटांना ती नाल अजून आहे, आणि शिबिराला निघालेले एनसीसीचे कॅडेट रस्त्यावरच्या मोच्याकडून ती ठोकून घेतात. नाल झिजली तर नाल बदलायची, खालचं चामडं शाबूत राहतं.

१९५० च्या दशकाअखेर ब्रिटिश सैन्याने हे सोडून डीएमएस (डायरेक्ट मोल्डेड सोल) बूट घ्यायला सुरुवात केली. यात रबराचा तळ आणि टाच साच्यात थेट वरच्या चामड्यावर ओततात. हा निर्णय वादाचा ठरला. बाजूने बोलणाऱ्यांचे मुद्दे खोटे नव्हते. तळाला शिवणीची भोकं नाहीत, खिळे नाहीत, रणगाड्याच्या पत्र्यावर पाय घसरत नाही, उत्पादन झटपट. १९८२ च्या ब्रिटन-अर्जेंटिना फॉकलंड युद्धात ओल्या बुटांनी सैनिकांचे पाय सडले तेव्हा डीएमएसवर टीकेची झोड उठली. पण तक्रार मुख्यतः बुटाच्या कमी उंचीबद्दल आणि आत शिरणाऱ्या पाण्याबद्दल होती. त्यानंतर उंच बूट आला आणि त्याचाही तळ ओतीवच राहिला. टाच सुटी असावी, हा मुद्दा त्या गदारोळात जवळपास कुणी मांडलाच नाही. माझ्या मते नुकसान तिथे झालं. आपल्याकडेही डीएमएस रुळला, आणि त्याची टाच एका बाजूने खाल्ली गेली की मोच्याच्या हाती फारसं काही उरत नाही.

सुट्या टाचेचं काम बघण्यासारखं असतं. मोची पकडीने जुना थर उचकटतो, वाकडे खिळे उपटतो, पृष्ठभाग कानशीने खरवडतो. दोन्ही बाजूंना सोल्युशन लावून ते वाळू देतो, मग थर बसवून हातोडीने ठोकतो, चुका म्हणजे बारीक खिळे मारतो आणि रापीने, म्हणजे चामडं कापायच्या हत्याराने, कड तासतो. झीज चामड्याच्या थरात शिरली असेल तर आधी पाचर घालून उतार भरावा लागतो. म्हणून रबर संपायच्या आत जावं. पूर्ण टाच बदलणं निराळं. तिचे काही खिळे आतून, पातावा म्हणजे पायाखालचा आतला थर बसवण्याआधीच मारलेले असतात.

गेल्या काही दशकांत पॉलियुरेथेनचे तळ आले आणि गोष्ट आणखी बिघडली. हे द्रव्य हवेतल्या ओलाव्याने आतून विघटित होतं, बूट न वापरताही. कपाटात नीट ठेवलेला जोड सह्याद्रीच्या पहिल्याच चढावर टाच सोडतो, हे पावसाळी ट्रेक करणाऱ्यांना नवीन नाही. दोष बहुतेक वेळा चिकटवणाऱ्याच्या माथी मारला जातो.

२०२३ मध्ये फ्रान्सने कपडे आणि पादत्राणांच्या दुरुस्तीवर सवलत सुरू केली. घोषणेतलं ठळक उदाहरण टाच बसवण्याचंच होतं: ७ युरो. पैसे मोच्याच्या बिलातूनच वजा होतात. बुटाची टाच सुटी असावी, अशी अट मात्र उत्पादकांवर त्या सवलतीत घातलेली नाही.