तिखले

तिखले : लाल मिरचीचे वाटप, आमसूल आणि तिरफळ (उग्र वासाचे, जीभ बधिर करणारे मसाल्याचे फळ) या तिघांवर उभे असलेले मासळीचे दाट, आंबट-तिखट कालवण. मालवणी बोलीत ‘तिखला’. दक्षिण कोकणात, मुख्यतः सिंधुदुर्गात, ते रोजच्या जेवणातले आहे. माशांच्या आमटीत नारळ सढळ असतो आणि ती भातावर ओतण्याइतकी सरसरीत असते. तिखल्यात नारळ नावापुरता आणि रस माशाच्या अंगाबरोबरचा. जुन्या पद्धतीत फोडणी नसते, कांदा परतला जात नाही. तेल पडते ते शेवटी, चमचाभर आणि कच्चे. खानावळीत मालवणी जेवण म्हणून रव्यात घोळवून तळलेली तुकडी पुढे येते, पण घरातली मासळी बहुतांशी अशी शिजवलेलीच असते. कमी तेलात मासे करायचे म्हणून वेगळी कृती शोधण्याची गरज कोकणात खरे तर पडत नाही.

मासे : तिखल्याचा पहिला मान बांगड्याला. त्याखालोखाल तारली (मालवणकडे पेडवे), सौंदाळे, सुरमईचे डोके. हे मासे तिरफळाच्या उग्र वासासमोर टिकतात. पापलेट, मुडदुशी असे नाजूक चवीचे मासे यात घालू नयेत. घातल्यास खाताना फक्त तिरफळ लागते आणि महाग मासा वाया जातो. बांगडा व तारली तेलकट असून त्यांत ओमेगा-३ मेदाम्ले भरपूर असतात. लहान व अल्पायुषी असल्याने त्यांत पाऱ्याचे प्रमाण मोरीसारख्या (शार्क) मोठ्या भक्षक माशांपेक्षा कमी राहते. स्वस्त मासळी इथे तब्येतीलाही बरी पडते. युरिक ॲसिड वाढलेल्यांनी मात्र हे दोन्ही मासे बेतानेच खावेत.

ताजा बांगडा पाठीवर निळसर-हिरवा चमकतो, डोळे फुगीर व स्वच्छ असतात, कल्ला उचलला की आत लालभडक दिसते. पोट दाबून पाहावे, कारण बांगडा प्रथम पोटाकडे मऊ पडून फुटतो. डोळा बरा दिसला तरी पोट फुटलेले असेल तर तो घेऊ नये. यात केवळ चवीचा प्रश्न नाही. बांगडा, तारली, सुरमई, कुपा (ट्यूना) या माशांच्या मांसात हिस्टिडीन हे अमिनो आम्ल पुष्कळ असते. मासा उन्हात किंवा बर्फाविना राहिला की जिवाणू त्यापासून हिस्टामिन तयार करतात. असा मासा खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन-तीन तासांत चेहरा लाल होतो, डोके दुखते, अंगावर गांधी उठतात. हिस्टामिन शिजवून नष्ट होत नाही, गोठवूनही जात नाही. बिघडलेला बांगडा जिभेला मिरमिरतो ही एरवीची खूण, पण तिरफळही जीभ बधिर करते, त्यामुळे तिखल्यात ती कळत नाही. निवड काय ती बाजारातच. घर लांब असेल तर मासळीइतकाच बर्फ सोबत घ्यावा.

साफ करणे : बांगड्याचे खवले बारीक असतात, सुरीची पाठ शेपटीकडून डोक्याकडे फिरवली की निघतात. पर व शेपूट कापून कल्ले ओढून काढावेत. पोट चिरून आतडी काढताना पित्ताची पिशवी फुटू देऊ नये. पोटाच्या आतला काळा पापुद्रा आणि कण्याला चिकटलेली रक्ताची रेघ अंगठ्याने खरवडून काढावी. माशाच्या हिंवस (उग्र, कच्च्या) वासाची तक्रार बहुतेकदा या रेघेमुळे असते. मासा अख्खा असतानाच धुवावा, मग दोन तुकडे करावेत. तुकडे पुन्हापुन्हा धुतले की चव पाण्याबरोबर जाते. मीठ-हळद दहा मिनिटांपेक्षा जास्त लावून ठेवली तर मिठाने पाणी सुटते आणि शिजल्यावर मांस कोरडे व घट्ट होते.

प्रमाण (चार माणसांसाठी) : मध्यम बांगडे ४ (साफ करून सुमारे ४०० ग्रॅम), बेडगी मिरच्या ७-८, अधिक तिखट हवे असल्यास लवंगी २, धणे १ लहान चमचा, हळद अर्धा चमचा, ओले खोबरे पाव वाटी, आमसुले ५-६, तिरफळे ८-१०, पाणी दीड वाटी, खोबरेल १ लहान चमचा. मीठ प्रथम अर्धाच चमचा घालावे. आमसूल वाळवताना मिठाच्या रसात घोळवलेले असते, आगळ (कोकमाचा खारवलेला रस) तर त्याहून खारट. रक्तदाब असणाऱ्यांच्या घरात तेलाचा हिशेब नेमका ठेवला जातो आणि हे लपलेले मीठ नजरेतून सुटते.

कृती : मिरच्या बिया काढून वीस मिनिटे कोमट पाण्यात भिजवाव्यात. मिरच्या, धणे, हळद व खोबरे गंधासारखे बारीक वाटावे. वाटप भरड राहिले तर रस चोथापाणी होतो. मग दाटपणासाठी नारळ वाढवला जातो आणि तिखल्याची आमटी होते. तिरफळे कधीही वाटू नयेत. त्यातली काळी बी फेकून द्यायची आणि वरची साल किंचित ठेचून घालायची. बी राहिली किंवा साल वाटणात गेली की कडवटपणा येतो आणि तो कशानेही निघत नाही. तिरफळ असेल तिथे लसूण घालायची नाही, असा बऱ्याच घरांचा दंडक आहे. दोन्ही वास एकमेकांना मारतात हे खरेच आहे.

टोपात वाटप व पाणी एकत्र करून तिरफळे टाकावीत आणि मध्यम आचेवर पाच-सहा मिनिटे उकळावे. मिरचीचा कच्चा वास मोडला की आमसुले घालून एक कढ आणावा, मग तुकडे एका थरात मांडावेत. तुकडे रसात जेमतेम बुडाले पाहिजेत. आच कमी करून झाकण न घालता सहा-सात मिनिटे पुरतात. कण्यालगतचे मांस अपारदर्शक होऊन काट्यापासून सुटू लागले की मासा झाला. डाव घालून ढवळू नये. टोप दोन्ही कानांनी धरून हलकेच फिरवावा. शेवटी कच्चे खोबरेल वरून सोडून आच बंद करावी आणि दहा मिनिटे झाकून ठेवावे. मातीच्या मडक्यात करत असल्यास आच दोन मिनिटे आधी बंद करावी, कारण मडके उष्णता धरून ठेवते आणि मासा आत शिजतच राहतो. बिनकल्हईच्या पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात आमसुलाचा पदार्थ करू नये. ॲल्युमिनियमही आंबटाला बरे नव्हे. स्टील किंवा माती चांगली.

बिघाड बहुतेक वेळा आचेचा असतो. खळाखळा उकळल्यास खोबरे फुटून तेल वर येते, माशाची साल सोलते आणि तुकडे मोडतात. रस पातळ झाला म्हणून मासा घातल्यावर आटवत बसणे ही दुसरी चूक. माशातूनही पाणी सुटते, ते धरून वाटप आधीच थोडे दाट ठेवावे. आमसूल अगदी सुरुवातीपासून उकळले तर रस काळपट व तुरट होतो. ते अजिबात न घालणे त्याहून वाईट: आंबटपणाने तुकडे आवळून राहतात आणि माशाचा वास दबतो. आमसूल नसेल तेव्हा चैत्र-वैशाखात कैरी किंवा बिंबल (आंबट बिलिंबी) चालते. चिंच चवीला चालते, पण तिने रस जड होतो.

घराघरांतले फरक : काही घरांत नारळ मुळीच घालत नाहीत, काही ठिकाणी आले किंवा कच्चा कांदा वाटणात जातो. तयार मालवणी मसाला वापरूनही तिखले करतात. त्यातील लवंग-बडीशेपेमुळे ते वेगळ्या वळणावर जाते आणि तिरफळाची गरज उरत नाही. उत्तरेला रायगडात आगरी-कोळी कालवणात चिंच व लसणीची फोडणी येते, तो निराळा पदार्थ. कोंबडी किंवा मटण या पद्धतीने करू नये. मांसाला शिजायला वेळ लागतो, तोवर आमसूल काळवंडते, आणि मटणात तिरफळ घालायची रीतही नाही. 

पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी असते. त्या काळात बर्फातला जुना बांगडा घेण्यापेक्षा सुका खारा बांगडा बरा. तो दोन पाण्यांत अर्धा-अर्धा तास भिजवावा आणि तिखल्यात वेगळे मीठ घालू नये.

वाढणी : उकड्या तांदळाचा भात, नाचणीची किंवा तांदळाची भाकरी. सोबत सोलकढी असेल तर तिच्यातला नारळही मोजावा. तिखल्यात वाचवलेले खोबरे कढीत परत येते. तिखले मुरल्यावर चवीला चढते, म्हणून सकाळच्या पेजेबरोबर कालचे तिखले खाण्याची जुनी आवड आहे. पूर्वी ते मडक्यात रात्री पुन्हा कढ आणून ठेवत. आता दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावे, हवे तेवढेच काढून कढ येईपर्यंत गरम करावे आणि दुसऱ्या दिवशी संपवावे. वाढताना तिरफळे बाजूला काढतात. ती चावून खायची नसतात.