तळं की खाडी? कोकणात सायकल काढण्याआधी एवढं बघून घ्या

मालवण-कुडाळ रस्त्याचा नकाशा मोबाइलवर मोठा करून बघितला, तर थोड्या अंतरात पाण्याचे दोन निळे तुकडे दिसतात. एक धामापूरचा तलाव, दुसरी कर्लीची खाडी. रंग तोच, काठही तसाच वेडावाकडा. पुण्या-मुंबईहून सायकली घेऊन येणारी मंडळी दोन्हींना सरसकट तलाव समजतात, आणि खाडीकाठच्या काही हॉटेलांच्या पाट्या या समजाला खतपाणीच घालतात. गप्पांमध्ये ते चालून जातं. बेत आखताना मात्र दिवस वाया जातो, कारण तळ्याच्या काठाने रस्ता जातो आणि खाडीच्या काठावर येऊन रस्ता संपतो.

ओळखायचं कसं? नकाशावर निळ्या रंगाचा माग काढत समुद्राकडे जा. कुठेही न तुटता समुद्राला मिळाला तर खाडी. मध्येच एका बाजूला सुरीने कापल्यासारखी सरळ कड आली तर तो बांध, म्हणजे तळं किंवा धरण. उपग्रहाचं चित्र लावलं तर खाडीच्या दोन्ही अंगांना गडद हिरवी किनार दिसते, ती कांदळवनाची, म्हणजे खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या तिवरांसारख्या झाडांची. प्रत्यक्ष जागेवर तर शंकाच उरत नाही. काठच्या दगडांवर कालवं चिकटलेली असली, चिखलातून तिवरांची मुळं वर आलेली असली आणि दगडांवर हातभर उंचीवर ओलीची रेघ असली, की पाणी खारं. ती रेघ भरतीची. तळ्याचं पाणी चढायला पावसाळा लागतो, उतरायला उन्हाळा. खाडीचं पाणी दिवसातून दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं.

आधी तळ्याचं बघू, कारण ते सोपं आहे. कोकणात पाऊस भरपूर पडतो, पण जमीन उताराची आणि इथला जांभा दगड सच्छिद्र, त्यामुळे पाणी थांबत नाही. नैसर्गिक मोठी तळी इथे फारशी नाहीत. जी आहेत त्यातली बहुतेक कुणीतरी मुद्दाम बांधलेली, आणि ती का बांधली हे विचारलं की इतिहास हाती लागतो. धामापूरचा तलाव १५३० सालचा. विजयनगरच्या राजवटीतले मांडलिक नागेश देसाई यांनी दोन डोंगरांच्या मधला ओढा मातीच्या बांधाने अडवला आणि धामापूर व काळसे या गावांच्या शेतीला पाणी दिलं. ते पाणी आजही शेतीला जातं. २०२० साली आंतरराष्ट्रीय सिंचन आयोगाने या तलावाला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा दर्जा दिला. काठावर भगवतीचं देऊळ आहे, पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या आहेत आणि तिन्ही बाजूंना दाट झाडी. इथे किल्ला नाही, तोफ नाही. सायकलवरून इतिहास बघायला निघालेले बरेचजण म्हणून इथे दहा मिनिटं थांबतात, फोटो काढतात आणि मालवणच्या किल्ल्याकडे सुटतात. मला हे उलट वाटतं. पाचशे वर्षांच्या जवळपास वयाची आणि अजून नेमून दिलेलं काम करणारी वास्तू कोकणात दुसरी चटकन सांगता येणार नाही.

सावंतवाडीचा मोती तलाव वेगळ्या धाटणीचा. भर शहरात, समोर सावंत-भोसल्यांचा राजवाडा, आणि तलावाभोवती फिरायला चांगला रस्ता. राजवाड्यात गंजिफाचे गोल पत्ते रंगवणारे कारागीर बसतात, तेवढ्यासाठी सायकलला कुलूप लावून आत जावं. संध्याकाळी मात्र त्या रस्त्यावर पाय मोकळे करायला सगळं गाव येतं, तेव्हा सायकलने फेरी मारायची असेल तर पहाटेची वेळ बरी. दोडामार्गाकडे तिलारीचं धरण आहे, ते आकाराने खूप मोठं, पण त्या बाजूला घाट आणि जंगल दोन्ही असल्याने तो स्वतंत्र बेत समजावा.

आता खाडी. कोकणचा खरा इतिहास खाडीच्या पाण्यावरून आत आला, आणि तो नेहमी दोन टोकांना सापडतो. मुखाशी किल्ला असतो. भरतीचं पाणी गलबताला जिथवर आत नेऊ शकतं तिथे जुनी बाजारपेठ असते. त्या पेठेतून घाट चढून बैलांचे तांडे देशावर जात. वाघोटणची खाडी घ्या. तोंडाशी विजयदुर्ग, जो शिवाजी महाराजांनी १६५३ मध्ये आदिलशाहीकडून घेतला, आणि आत खारेपाटण, जिथे शिलाहार राजा रट्टराजाचा १००८ सालचा ताम्रपट मिळाला. शास्त्री नदीच्या खाडीला मुखाशी जयगड आणि आत संगमेश्वर, जिथे १६८९ मध्ये संभाजी महाराज पकडले गेले. तिथल्याच कसब्याचं कर्णेश्वराचं देऊळ त्याहून कितीतरी जुनं. वाशिष्ठीला दाभोळ आणि चिपळूण, सावित्रीला बाणकोट आणि महाड. राजापूरला इंग्रजांची वखार होती ती तिथवर भरतीचं पाणी जातं म्हणूनच. हे एकदा ध्यानात आलं की सायकलचा बेत किनाऱ्याला समांतर आखायची गरज राहत नाही. एकच खाडी धरायची, मुखापासून आत जायचं, आणि पुढच्या दिवशी दुसऱ्या काठाने परत. किनाऱ्यावरची सगळी नावं एका दमात उरकण्यापेक्षा हे मला जास्त समाधानाचं वाटतं. शिवाय यात चढही कमी लागतात.

चढ का कमी? किनाऱ्याजवळची जमीन म्हणजे जांभ्याचे सपाट सडे, म्हणजे उघडी पठारं, आणि नद्यांनी ते खोल कापून काढलेले. गाव खाली पाण्याच्या पातळीवर, सडा वर शंभर-दीडशे मीटरवर. सागरी मार्गाने दक्षिणेकडे निघालात की दर खाडीला हाच खेळ: घाटी चढून सड्यावर, सड्यावर सावलीचं नाव नाही, मग सुसाट उतार, खाली खाडी, आणि पलीकडे पुन्हा घाटी. दिवसाचे किलोमीटर कमी दिसतात, पण संध्याकाळी मांड्या खरा हिशेब सांगतात. देशावरच्या सपाटीवर रोज ऐंशी किलोमीटर मारणाऱ्यांनी इथे पन्नास धरावेत. खाडीच्या काठाकाठाने आत जाणारे रस्तेही सरळ नसतात, पण बऱ्याच ठिकाणी सड्यावर चढून पुन्हा उतरणं वाचतं.

आणि मग ओलांडायचा प्रश्न. अनेक खाड्यांवर आता पूल आहेत, उरलेल्या ठिकाणी फेरीबोट. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड, या चार फेऱ्या किनारपट्टीने जाणाऱ्याच्या पाठ असाव्यात. दाभोळच्या जेटीवर उभं राहिलं की धोपावे समोर दिसतं. तेच अंतर रस्त्याने काढायचं तर खेड-चिपळूणचा वळसा घालून गुहागरकडे उतरायचं, सायकलवाल्याचा अख्खा दिवस गेला. बोटीत सायकल ढकलत न्यायची, गाड्या लागून झाल्या की कठड्याला टेकवायची आणि हाताने धरून उभं राहायचं, कारण इंजिन सुरू झालं की ती घसरते. दाभोळला बोट चुकली तर हळहळू नका, जेटीपासून जवळच विजापूरकरांच्या काळातली मशीद आहे, ती तेवढ्या वेळात बघून होते. बाणकोटला वर हिम्मतगड आहे. इंग्रजांनी अठराव्या शतकात घेऊन त्याला फोर्ट व्हिक्टोरिया असं नाव दिलं होतं, आणि सावित्रीचं मुख वरून जसं दिसतं तसं खालून दिसत नाही. आगरदांड्याच्या बाजूला राजपुरीची खाडी आणि तिच्या तोंडाशी सिद्द्यांचा जंजिरा, तो मात्र सायकल काठावर ठेवूनच बघायचा.

फेरीबोटीचं वेळापत्रक असतं, पण मोठ्या सुकतीला, म्हणजे ओहोटीला, पाणी फार खाली गेलं तर बोट खोळंबू शकते, आणि लहान होडीचं तर सगळंच पाण्यावर. यासाठी जुनी माणसं एक हिशेब सांगतात: तिथीची पाऊणपट करा, ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. तिथून साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी, आणि दुसऱ्या दिवशी सगळं पाऊण-एक तासाने पुढे. आकडा ढोबळ आहे, खाडीत आत गेलं की भरती उशिरा पोचते, म्हणून अचूक वेळ हवी असेल तर भरतीचं कोष्टक बघावंच. पण भिंतीवरच्या कालनिर्णयावरून बेत आखायला हा हिशेब पुरतो. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा भरती मोठी आणि सुकतीही मोठी; अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा पाणी फार वर-खाली होत नाही. नवख्याने पहिली खाडी भांगाच्या दिवसांत ओलांडावी. तळ्याकाठी यातलं काहीच बघावं लागत नाही.

सायकलचं म्हणाल तर तळं तिला काही करत नाही, खाडी करते. खारी हवा आणि जेटीवरचं शिंतडलेलं पाणी यांनी साखळीवर दोन दिवसांत तांबूस गंज दिसायला लागतो. रात्री मुक्कामाला गोड्या पाण्याने साखळी धुवायची, पुसून कोरडी करायची, मग तेल. तेल आधी आणि पाणी नंतर असा उफराटा कारभार बरेचजण करतात. पिण्याचं पाणीही खाडीकाठी विचारूनच भरावं, काही विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात.

दोन्ही एकाच दिवसात शेजारी शेजारी बघायची असतील तर कुडाळ ते मालवण हा तीसेक किलोमीटरचा रस्ता धरा. कुडाळ स्टेशनवरून निघून नेरूरपारला पूल लागतो, खाली कर्लीचं पात्र. तिथे थांबून काठचा चिखल आणि ओलीची रेघ बघून घ्या. पुढे काळसे, मग धामापूर. देवळाच्या पायऱ्यांवर सावली असते, डबा तिथेच सोडावा. मग चौके आणि मालवण. मालवणला सायकल जेटीजवळ ठेवून होडीने सिंधुदुर्ग, जो १६६४ ते १६६७ या काळात कुरटे बेटावर बांधला. किल्ल्याच्या होड्या पावसाळ्यात बंद असतात आणि तळं सर्वांत भरलेलं असतं ते पावसाळ्याच्या शेवटी, म्हणून दोन्ही साधायचं तर ऑक्टोबरची अखेर किंवा नोव्हेंबर. ऑक्टोबरचं ऊन कडक असतं, तेव्हा उजाडताच निघा, आणि शेवटची होडी किती वाजता सुटते ते जेटीवर आदल्या दिवशीच विचारून ठेवा.