अपंगत्व लाभ : पात्रतेचे निकष

आजार, अपघात किंवा जन्मजात व्यंगामुळे ज्याला कमावता येत नाही, त्याला शासनाकडून मिळणारी नियमित रक्कम म्हणजे अपंगत्व लाभ. जर्मनीने १८८९ च्या कायद्याने त्याला सक्तीच्या विम्याचे रूप दिले. पुढे दोन प्रकार रूढ झाले. विम्याच्या प्रकारात कामावर असताना वर्गणी भरलेली असावी लागते. साहाय्याच्या प्रकारात वर्गणी लागत नाही, पण उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत असावे लागते.

खरा वाद ‘काम करता येत नाही’ याच्या अर्थाचा आहे. एक पद्धत टक्केवारीची. भारतातील १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या अनुसूचीत हाताचा अंगठा तुटला, तर कमाईच्या क्षमतेतील घट ३० टक्के धरली होती. आकडा ठरलेला असला की घासाघीस टळते, पण शिंप्याचा अंगठा आणि पहारेकऱ्याचा अंगठा एकाच मापाने मोजला जातो. दुसरी पद्धत उरलेली क्षमता पाहते. जर्मनीत दिवसाला तीन तासही काम झेपत नसेल तर पूर्ण निवृत्तिवेतन, तीन ते सहा तासांच्या आत झेपत असेल तर अंशतः. अमेरिकेच्या १९५६ पासूनच्या विमा योजनेत आधीची नोकरी झेपत नाही एवढे पुरत नाही. दुसरे कुठलेही पुरेसे कमाईचे काम झेपता कामा नये, आणि ही स्थिती किमान १२ महिने टिकणारी किंवा मृत्यूकडे नेणारी हवी. पन्नाशीनंतर मात्र वयाचा विचार अर्जदाराच्या बाजूने झुकतो.

म्हणून ‘कामास अयोग्य’ एवढी डॉक्टरची चिठ्ठी सहसा तोकडी पडते. सलग किती वेळ बसता येते, किती वजन उचलता येते, महिन्यातले किती दिवस अंथरुणातच जातात, हे कागदावर यावे लागते. तपासणीत ‘कसे आहात?’ला सवयीने ‘बरा आहे’ म्हणणाराही फसतो. तेच नोंदले जाते. पाठदुखी किंवा मानसिक आजार, ज्यांत एक दिवस बरा तर दुसरा वाईट, तिथे हा घोळ सर्वाधिक.

अमेरिकेत बहुतेक अर्ज पहिल्या फेरीत नाकारले जातात; अपिलाची मुदत ६० दिवसांची. लाभ सुरू झाल्यावर तो न गमावता नऊ महिने काम करून पाहण्याची मुभाही तिथे आहे.