नगाऱ्याने उघडणारा नाताळ: बाखच्या ‘ख्रिसमस ओरेटोरिओ’ची पार्श्वभूमी

जर्मन संगीतकार योहान सेबास्तियन बाखच्या ‘ख्रिसमस ओरेटोरिओ’त, म्हणजे नाताळची कथा गाऊन सांगणाऱ्या रचनेत, पहिला आवाज येतो तो एकट्या टिंपनीचा, म्हणजे पाश्चात्त्य नगाऱ्याचा. उपासनेच्या संगीताची ही सुरुवात चमत्कारिक वाटते, पण ही चाल मुळात चर्चसाठी नव्हतीच. ८ डिसेंबर १७३३ रोजी सॅक्सनी या जर्मन राज्याच्या शासकाची पत्नी मारिया योझेफा हिच्या वाढदिवसासाठी ती बांधली होती आणि शब्द होते, ‘वाजा, नगाऱ्यांनो! दुमदुमा, तुताऱ्यांनो!’ पुढच्या नाताळात शब्द बदलून ‘जयघोष करा, हर्ष करा’ असे झाले. नगारा मात्र जागचा हलला नाही. हस्तलिखितात तर बाखने सवयीने आधी जुनेच शब्द लिहिले आणि मग खोडले.

तयार चालीवर नवे पद बसवणे मराठी नाट्यसंगीताला नवे नाही. बाखने ते फार बारकाईने केले. दुसऱ्या भागातले अंगाईगीत बाखच्याच आधीच्या आणखी एका रचनेत ग्रीक वीर हर्क्युलिसला मोहात पाडणारी ‘सुखलालसा’ गात असे. बाखने पट्टी बी-फ्लॅटवरून जी मेजरवर उतरवली, सोप्रानो या उंच आवाजाऐवजी आल्टो या खालच्या आवाजाला गायला दिले, आणि तेच गाणे बाळ येशूसाठी झाले.

बाख काम करत असलेल्या लाइपझिगमध्ये आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या, दुसऱ्या रविवारपासून नाताळपर्यंत चर्चमध्ये कँटाटा, म्हणजे उपासनेतल्या गायन-वादनाच्या रचना, होत नसत. तालमीला मिळे तो वेळ हाच. सहा भाग सलग गाण्यासाठी नव्हते: २५, २६, २७ डिसेंबर १७३४, मग १, २ आणि ६ जानेवारी १७३५ अशा सहा दिवशी ते झाले. २ जानेवारीला नेमलेले बायबलमधले वाचन येशूच्या कुटुंबाच्या इजिप्तला पलायनाचे. पण मागी, म्हणजे बाळाला भेटायला येणारे पूर्वेकडचे ज्ञानी पुरुष, यायच्या आधीच कुटुंब पळाले तर कथाच मोडते. बाखने ते वगळून मागींची कथा शेवटच्या दोन भागांत विभागली.

आज सहाही भाग एका बैठकीत घेतले तर सुमारे अडीच तास लागतात. वाद्यमेळ दर भागात बदलतो: पहिल्या, तिसऱ्या आणि सहाव्या भागात तीन ट्रंपेट व टिंपनी, दुसऱ्यात ट्रंपेट नाहीत पण ओबो या सनईसारख्या वाद्याच्या वर्गातले चार वादक. चौथ्यात दोन हॉर्न, तेही फक्त पहिल्या आणि शेवटच्या क्रमांकापुरते. एवढ्यासाठी दोन वादकांची बिदागी परवडत नाही, म्हणून कार्यक्रम छोटा करताना अनेकदा कात्री लागते ती चौथ्या भागाला. येशूचे नामकरण त्याच भागात आहे.