१ फेब्रुवारी १९७३ : ‘लिव्ह अँड लायसन्स’ची पार्श्वभूमी

लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसतो. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानुसार लायसन्स म्हणजे एरवी बेकायदा ठरलं असतं ते दुसऱ्याच्या जागेत करण्याची मुभा. जागेत हक्क मिळत नाही. मुंबई इलाख्यात हा कायदा १८९१ मध्ये आला, पण या शब्दाला खरं वजन आलं १९४७ च्या भाडेनियंत्रणानंतर. भाडं १९४० च्या पातळीवर गोठलेलं, भाडेकरू हलवणं महाकठीण. मग मालकांनी करारातून ‘भाडं’ हा शब्दच काढला. भाड्याचं ‘कॉम्पेन्सेशन’ झालं, भाडेकरूचा ‘लायसन्सी’. खोली तीच, किल्लीही तीच.

दिल्लीतल्या एका हॉटेलात केशकर्तनालय चालवणाऱ्याच्या खटल्यात १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की कागदावरचं नाव नव्हे, व्यवहाराचं खरं स्वरूप पाहा. तिथे ‘लायसन्स’ म्हणून लिहिलेला करार भाडेपट्टा ठरला. पण हे प्रत्येक लायसन्सीने कोर्टाची पायरी चढून एकट्याने सिद्ध करायचं होतं.

म्हणून १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यात १९७३ ची दुरुस्ती आली. १ फेब्रुवारी १९७३ रोजी ज्याचा करार चालू होता आणि ज्याच्या ताब्यात किमान एक खोली होती, तो लायसन्सी थेट भाडेकरू मानला गेला. माझ्या मते हे न्यायाचंच होतं. पागडीला, म्हणजे भाड्याची जागा मिळवताना द्यायच्या एकरकमी रकमेला, पैसे नसलेल्यांना डोक्यावर छप्पर मिळालं. खटकते ती तारीख. ३१ जानेवारीला करार संपलेला आणि २ फेब्रुवारीला राहायला आलेला, दोघेही बाहेर. त्यामुळे त्या दिवशी करार जिवंत होता का, ताबा कोणाचा होता, यावर पुढे वर्षानुवर्षं खटले चालले. जुन्या पावत्या आणि रेशनकार्डं लोकांनी जिवापाड जपली. मालकांनीही धसका घेतला: फ्लॅट कुलूपबंद ठेवू, पण कोणाला देणार नाही.

३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या नव्या भाडेनियंत्रण कायद्याने पारडं फिरवलं. राहत्या जागेचं लायसन्स संपल्यावर लायसन्सी हलला नाही, तर दुप्पट दराने नुकसानभरपाई. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, अगदी अकरा महिन्यांचा असला तरी. नोंदणीची जबाबदारी मालकाची. आणि राहत्या जागेच्या लायसन्सबाबत लेखी करार हाच त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा. कागदामागचा व्यवहार पाहण्याची १९५९ ची वाट अशा घरांपुरती फारच अरुंद झाली.